चीड हा पाइन वृक्ष खरोखरच खलनायक आहे का? कुमाऊँतल्या आमच्या वनपंचायतीपुढचा प्रश्न

डोंगरमाथा
नमस्कार. मी मूळची नगर जिल्ह्यातली. लग्नानंतर उत्तराखंडाच्या कुमाऊँ भागात, अल्मोडा जिल्ह्यातल्या एका गावात स्थायिक झाले आहे. गावाचे जंगल सांभाळणाऱ्या आमच्या वनपंचायतीकडे डोंगराचा एक मोठा उतार आहे. त्याच्या उत्तरेकडच्या घळीत बांज (हिमालयातला ओक), बुरांश आणि काफळ या रुंद पानांच्या झाडांचे मिश्र जंगल अजून तग धरून आहे, तर दक्षिणेकडचा सगळा कोरडा उतार चिडाने व्यापलेला आहे. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात पूर्वी बांज होता असे वयस्क मंडळी सांगतात. आज तिथेही चीडच दिसतो.

दर उन्हाळ्यात पिरूल, म्हणजे चिडाच्या सुयांचा वाळलेला थर, पेट घेतो. जून २०२४ मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेल्या वनकर्मचाऱ्यांचा होरपळून मृत्यू झाला, आणि तेव्हापासून गावातली चर्चा फार कडवट झाली आहे. चीड पाणी शोषतो, चिडाखाली गवत उगवत नाही, चिडावर पाखरू बसत नाही, म्हणून तो टप्प्याटप्प्याने काढून सगळीकडे बांज लावावा, असा ठराव पुढच्या बैठकीत येणार आहे. मला बांजाविषयी मनापासून जिव्हाळा आहे. तरीही हा झाडच मुळापासून उखडण्याचा विचार मला पटत नाही, कारण तो इथलाच आहे. आपल्यापैकी ज्यांना हिमालयातल्या जंगलांचा अनुभव आहे, त्यांनी चिडाचे उपयोग, त्याच्यावर जगणारे प्राणी-पक्षी आणि त्याची निगा यांविषयी सविस्तर लिहावे, ही विनंती.

सागरगोटा
ताई, आमच्या दापोली-मुरूडच्या किनाऱ्यावर सुरूची बने आहेत आणि त्यांच्याही सुयांचा जाड थर पडतो. आम्ही लहानपणापासून त्यांना पाइनच समजत आलो. हा तुमच्या चिडाचा भाऊबंद आहे का?

तृणपर्ण
@सागरगोटा, नाही. सुरू हे फुलणारे झाड आहे आणि ज्या 'सुया' दिसतात त्या त्याच्या बारीक हिरव्या फांद्या आहेत. चीड हा सूचिपर्णी वृक्ष आहे आणि त्याच्या सुया ही खरी पाने आहेत. महाराष्ट्रात एकही पाइन नैसर्गिकरीत्या उगवत नाही. संपूर्ण द्वीपकल्पीय भारतात मूळचा सूचिपर्णी वृक्ष एकच आहे, तो म्हणजे दक्षिणेकडच्या पश्चिम घाटातला नागेइया, आणि तोही पाइन नव्हे. उटी-कोडाईकनालला दिसणारे पाइन बाहेरून आणून लावलेले आहेत. त्यामुळे मराठी माणसाच्या मनात पाइन म्हटले की 'परदेशी लागवड' असे समीकरण पटकन तयार होते, आणि तेच नकळत चिडाला लावले जाते.

चीड, म्हणजे पायनस रॉक्सबर्गी, पाकिस्तानपासून भूतानपर्यंतच्या हिमालयाच्या खालच्या आणि मधल्या उतारांवरचा मूळ रहिवासी आहे. साधारण ५०० ते २००० मीटर उंचीचा पट्टा त्याचा. त्याच्या खाली साल नावाचा वृक्ष आणि वर किंवा ओलसर बाजूला बांज. तीन-तीन सुयांचा झुबका, प्रत्येक सुई वीतभर किंवा त्याहून लांब, आणि खोडावर खोल भेगांची जाड साल, ही त्याची ओळख. 'इंग्रजांनी चीड आणला' हे विधान उत्तराखंडात फार ऐकू येते. त्यांनी त्याला झुकते माप दिले, हे खरे; पण झाड त्यांच्या आधीपासूनचे आहे. संस्कृत साहित्यातला 'सरल' वृक्ष तो हाच. मेघदूतात सरल वृक्षांच्या बुंध्यांच्या घर्षणाने पेटलेला वणवा सहस्र जलधारांनी विझव, अशी विनंती यक्ष मेघाला करतो. म्हणजे हे झाड आणि हा वणवा यांची सांगड कालिदासालाही ठाऊक होती.

औषधीबाग
तृणपर्णताईंच्या प्रतिसादाला जोडून लिहिते. आयुर्वेदात सरल वृक्षाच्या स्रावाला श्रीवेष्टक म्हणतात आणि बाजारात तो गंधाबिरोजा या नावाने मिळतो. लेप आणि मलमांत तो आजही वापरला जातो. याच स्रावातून टर्पेंटाइन वेगळे काढले की मागे राळ उरते. व्हायोलिन किंवा सारंगीच्या गजाला घासण्याची राळ, रंगकामाचे टर्पेंटाइन, कागदाला आणि साबणाला लागणारा घटक, अशा कितीतरी वस्तूंच्या मुळाशी पाइनचा हा चीक असतो. त्यामुळे 'निरुपयोगी झाड' हा शब्द तरी ठरावात नसावा, असे मला वाटते.

जुना_रेंजर
मी सातारा जिल्ह्यातला. माझी सगळी नोकरी हिमाचल प्रदेशाच्या चीड पट्ट्यात गेली, त्यामुळे या विषयावर थोडे विस्ताराने लिहितो.

चिडाचा चीक, ज्याला तिकडे लीसा किंवा बिरोजा म्हणतात, काढण्याची जुनी पद्धत अशी होती की खोडावर खोल खाच घ्यायची, पत्र्याची पन्हळ ठोकायची आणि खाली पेला लावायचा. खाच दर आठवड्याला वर वर सरकवत नेत. कंत्राटदाराला अधिक लीसा हवा असे, म्हणून खाच नियमापेक्षा खोल जाई. अशी जखम लिशाने भिजलेली असते. जमिनीवरून सरपटत आलेली आग नेमकी तिथे वर चढते, खोड आतून पोखरून जळते आणि पुढच्या वादळात झाड मोडून पडते. जाड सालीमुळे जे झाड आगीतून सहज वाचले असते, ते आपणच केलेल्या जखमेमुळे मरते. नंतर आलेल्या रिल पद्धतीत फक्त सालीखाली उथळ तिरप्या रेघा ओढतात आणि सौम्य आम्लाचे मिश्रण फवारतात. त्यात लाकडाला इजा कमी होते. त्याही पुढची पद्धत म्हणजे बुंध्याजवळ गिरमिटाने भोक पाडून बंद पिशवी लावणे. तिच्यात लीसा उघडा राहत नाही, त्यामुळे तो स्वच्छ मिळतो आणि आगीचा धोकाही घटतो. हिमाचलात नाहन आणि बिलासपूर येथे वन महामंडळाचे राळ-टर्पेंटाइनचे कारखाने आहेत. बरेलीजवळच्या क्लटरबकगंजचा जुना कारखाना कुमाऊँच्या लिशावरच उभा राहिला होता.

आता निगेविषयी. चिडाला सावली अजिबात सोसत नाही. म्हणून त्याच्या जंगलासाठी आमच्याकडे आश्रयवृक्ष पद्धत वापरत. पूर्ण वाढलेल्या भागातली बहुतेक झाडे काढायची आणि हेक्टरी वीस-पंचवीस सरळ, निरोगी मातृवृक्ष बियांसाठी उभे ठेवायचे. उन्हाळ्यात शंकू उघडतात, पंख असलेल्या बिया वाऱ्याबरोबर पसरतात, पावसाळ्यात त्या रुजतात. रोपांची दाट पिढी उभी राहिली की मातृवृक्ष काढायचे आणि मग ठरावीक वर्षांनी विरळणी करायची. संपूर्ण चक्र शंभर-सव्वाशे वर्षांचे असे. जंगलाचे काम करणाऱ्या माणसाला आपल्या हयातीत या चक्राचा जेमतेम एक कोपरा दिसतो, आणि म्हणूनच लिखित कार्ययोजना इतकी महत्त्वाची असते.

हे सगळे उंचावर थांबले. चिपको आंदोलनानंतर १९८१ मध्ये तेव्हाच्या उत्तर प्रदेशात १००० मीटरच्या वरच्या हिरव्या झाडांच्या तोडीवर बंदी आली. पुढे डिसेंबर १९९६ मध्ये जंगलतोडीविषयीच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे आदेश आले. ज्या काळात सरसकट तोड चालू होती त्या काळात ही बंदी आवश्यकच होती. मात्र तिचा परिणाम असा झाला की विरळणीही थांबली. झाडे दाटीने म्हातारी होत आहेत आणि पिरूल मात्र दरवर्षी साचतच आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिमाचलात काही ठिकाणी प्रायोगिक तोडीला परवानगी दिली, त्यात बिलासपूरचा चीड होता. तेव्हा @डोंगरमाथा, आपली वनपंचायत समुद्रसपाटीपासून १००० मीटरच्या वर असणार. वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय एकही हिरवे झाड काढता येणार नाही, हे ठराव मांडणाऱ्यांना आधी सांगावे.

रंधा
लाकडाच्या व्यवसायातला माणूस म्हणून एक भर घालतो. चिडाचे लाकूड देवदाराइतके टिकाऊ नाही. ओल लागली की किडते. परंतु प्रक्रिया केलेल्या चिडाचे स्लीपर रेल्वेने दीर्घकाळ वापरले आणि सफरचंदाच्या पेट्या, दारे-खिडक्या, छताचे वासे यांसाठी ते डोंगरातले रोजचे लाकूड होते. काही भागांत मात्र चिडाच्या लाकडात पीळ असतो, म्हणजे तंतू खोडाभोवती वळत जातात. असे लाकूड कापले की वाकते आणि त्याला भाव मिळत नाही. जुना_रेंजर यांनी सरळ मातृवृक्ष राखण्याविषयी जे लिहिले आहे त्याचे महत्त्व इथे आहे. चांगली झाडे आधी तोडून पिळाची मागे ठेवली, तर पुढची पिढी त्यांच्याच बियांतून उगवणार.

इतिहासपाने
तोडबंदीच्या आधीचा इतिहासही पाहायला हवा. १९११ ते १९१७ या काळात कुमाऊँमधली फार मोठी जंगले राखीव करण्यात आली. गावकऱ्यांची चराई, पाला तोडणे आणि गवतासाठी उन्हाळ्यापूर्वी जमीन भाजणे यांवर निर्बंध आले. जानेवारी १९२१ मध्ये बागेश्वरला उत्तरायणीच्या जत्रेत लोकांनी कुली-बेगारीच्या, म्हणजे सक्तीच्या हमालीच्या, नोंदवह्या शरयूत बुडवल्या, आणि त्याच उन्हाळ्यात ठिकठिकाणी सरकारी चीड जंगले पेटवण्यात आली. इतिहासकारांनी नोंदवलेली लक्षणीय बाब ही की आगी मुख्यतः चिडाच्या, म्हणजे स्लीपर आणि लिशाच्या उत्पन्नाच्या जंगलांत लागल्या. रुंदपर्णी जंगलांना लोकांनी हात लावला नाही. त्या असंतोषानंतर चौकशी समिती नेमली गेली आणि १९३१ मध्ये वनपंचायतींचे नियम आले. डोंगरमाथाताईंची वनपंचायत ही त्याच संघर्षाची देणगी आहे. गावकऱ्यांच्या मनातला चिडावरचा राग झाडापेक्षा त्या व्यवस्थेवरचा आहे, आणि तो आजच्या उन्हाळ्यांनी नव्याने पेटतो, असे माझे मत आहे.

गढवाळी_सून
इतिहासपाने यांच्याशी मी अर्धीच सहमत आहे. राग व्यवस्थेवरचा असेल, पण कष्ट झाडामुळेही पडतात. माझे सासर पौडी जिल्ह्यात आहे. तिथे चिडाला कुळैं म्हणतात. पिरूल पडलेल्या उतारावरून गवताचा भारा डोक्यावर घेऊन उतरणाऱ्या बाईचा पाय कसा सटकतो, हे मी पाहिलेले आहे. गाई घसरून दरीत जातात. बांजाचा पाला जनावरांना चालतो, त्याचे सरपण मंद आणि चांगले जळते, त्याच्या पाचोळ्याचे खत होते. चिडाच्या सुया गोठ्यात अंथरायला घेतात, पण त्या कुजायला फार वेळ लावतात. घरातल्या बाईच्या दृष्टीने बांज आणि चीड यांची बरोबरी होऊच शकत नाही. येथे चिडाची बाजू मांडणाऱ्या सर्वांनी हा हिशेब विसरू नये.

तृणपर्ण
@गढवाळी_सून, आपला हिशेब पूर्णपणे बरोबर आहे आणि त्याला शास्त्रीय आधारही आहे. नैनीतालच्या कुमाऊँ विद्यापीठातील जे. एस. सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात बांजाची जागा चीड घेतो तेव्हा नत्राचे चक्र कसे बदलते, हे दाखवले होते. चीड सुई गाळण्यापूर्वी तिच्यातले बरेचसे नत्र परत खेचून घेतो. खाली पडलेल्या सुयांत नत्र इतके कमी असते की त्या कुजवणारे सूक्ष्मजीव जमिनीतलेच नत्र धरून ठेवतात. परिणामी माती नत्राच्या बाबतीत गरीब राहते, चिडाला तेवढ्यावर भागवता येते, पण बांजाच्या रोपाला नाही. एकदा बसलेला चीड आपली जागा सहज सोडत नाही, त्याचे एक कारण हे. दुसरे कारण आग. चिडाची कोवळी रोपे जळाली तरी बुडातून पुन्हा फुटतात, जी पाइन कुळात विरळ गोष्ट आहे. बांजाचे रोप वारंवारच्या आगीपुढे टिकत नाही.

परंतु क्रम लक्षात घ्यावा. निरोगी, दाट बांजवनाच्या सावलीत चिडाचे रोप जगत नाही. आधी बांज छाटून छाटून विरळ होतो, चराईने त्याची रोपे संपतात, माती उघडी पडते आणि मग प्रकाश मिळाल्यावर चीड शिरतो. 'चिडाने बांज घालवला' यापेक्षा 'बांज गेल्यावर चीड आला आणि मग त्याने बांजाला परतू दिले नाही' हे वर्णन वस्तुस्थितीच्या जवळचे आहे. झऱ्यांचेही असेच आहे. बांजाखालची भुसभुशीत, कुजलेल्या पाल्याची माती पाणी मुरवते यात शंका नाही. पण झरा आटण्यामागे खडकाची रचना, रस्त्यांची खोदाई, चराईने घट्ट झालेली जमीन, दरवर्षीची आग अशी अनेक कारणे एकत्र असतात. उद्या चीड तोडला आणि उतार उघडा राहिला, तर झऱ्याला पाणी येणार नाही, दरड मात्र येईल.

निळीपाखरं
'चिडावर पाखरू बसत नाही' या वाक्यासाठी मी हा प्रतिसाद लिहीत आहे. एकूण प्रजातींची संख्या मोजली तर बांजवन चीडवनापेक्षा निश्चितच समृद्ध आहे आणि शुद्ध, एकाच वयाच्या, दरवर्षी जळणाऱ्या चीडवनात शांतता असते, हे मान्य. तरीही चिडाचे स्वतःचे असे सोबती आहेत. तपकिरी कपाळाचा सुतार पक्षी चिडाच्या भेगाळ सालीत किडे शोधताना हमखास दिसतो. तांबूस पोटाच्या नटहॅचचे आणि काळ्या गळ्याच्या इवल्याशा टिटचे थवे या जंगलातून फिरतात. जुन्या, वाळलेल्या खोडांतील ढोल्या पोपट आणि घुबडे वापरतात.

चीर नावाचा फेझंट, म्हणजे रानकोंबड्याचा भाऊबंद, हा तर याच भूप्रदेशाचा पक्षी. तीव्र उताराचे गवताळ कडे, मधूनमधून झुडपे आणि तुरळक झाडे, असा अधिवास त्याला लागतो. दाट जंगल त्याला चालत नाही. अशाच गवताळ चीड-उतारांवर घोरल, म्हणजे शेळीसारखा डोंगरी प्राणी, चरते आणि घोरलामागे बिबट्या येतो. आपण सगळा दक्षिण उतार झाडांनी भरून टाकला, मग ती झाडे बांजाची का असेनात, तर या प्राण्यांची जागा जाईल.

आणखी एक गोष्ट सांगते, जी ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटते. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधामुळे जवळजवळ नामशेष झालेली पांढऱ्या पाठीची गिधाडे हिमाचलातल्या कांगडा भागात घरटी करतात ती मुख्यतः उंच, जुन्या चिडाच्या झाडांवर. आपल्याकडे कोकणात ही गिधाडे माड आणि आंब्यावर घरटी करतात, हे मी स्वतः श्रीवर्धन-म्हसळा परिसरात पाहिले आहे. कांगड्यात तेच काम चीड करतो. त्यासाठी झाड म्हातारे, भक्कम फांद्यांचे आणि माणसांच्या गडबडीपासून दूर असावे लागते. लिशासाठी जखमी केलेले किंवा विरळणीत आधी निवडले जाणारे झाड नेमके तेच असते. म्हणून व्यवस्थापनाच्या कोणत्याही आराखड्यात काही जुनी झाडे आणि काही वठलेली खोडे कायम राखण्याची तरतूद असावी, ही माझी कळकळीची विनंती आहे.

सागरगोटा
निळीपाखरंताई, हा प्रतिसाद वाचून आमच्या गावच्या माडांकडे पाहण्याची दृष्टी बदलली. धागा चिडाचा आहे म्हणून एवढेच.

नाशिककर_अभियंता
पिरूलविषयी लिहितो, कारण त्यापासून वीज तयार करण्याच्या एका प्रकल्पात मी काम केले आहे. पिथौरागड जिल्ह्यात बेरीनागजवळच्या अवनी या संस्थेने या क्षेत्रात सुरुवातीचे काम केले आणि २०१८ मध्ये उत्तराखंड शासनाने त्यासाठी धोरणही आणले. तत्त्व सोपे आहे. सुया कमी हवेत जाळून ज्वलनशील वायू मिळवायचा आणि त्यावर जनित्र चालवायचे. अडचणी व्यवहारातल्या आहेत. पिरूल वजनाला हलका आणि आकाराने अवाढव्य, त्यामुळे वाहतुकीतच पैसा जातो. गोळा करण्याचा काळ फक्त उन्हाळ्याचा. पावसाळा लागला की माल भिजतो, म्हणजे वर्षभराचा साठा कोरड्या छपराखाली ठेवावा लागतो. वायूतले डांबर यंत्रात साचते आणि ते साफ करणारा प्रशिक्षित माणूस गावात नसेल तर यंत्र बंद पडते.

माझ्या मते गावपातळीवर विजेपेक्षा कांड्या, म्हणजे दाबून केलेल्या ब्रिकेट, अधिक शक्य आहेत. मे २०२४ मध्ये 'पिरूल लाओ, पैसे पाओ' मोहिमेत किलोला ५० रुपये दर जाहीर झाला होता. असा दर सातत्याने आणि वेळेवर मिळाला तर महिलांचे बचतगट हे काम आनंदाने करतील. मात्र संपूर्ण जंगलातला पिरूल गोळा करणे कोणालाही शक्य नाही. वाटा, वस्तीच्या कडा, बांजाच्या सीमा आणि जाळरेषा (आग अडवण्यासाठी मोकळे ठेवलेले पट्टे) एवढ्या जागा मार्चअखेर स्वच्छ झाल्या, तरी आगीचा प्रवास तुटतो.

अटलांटावासी
अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात राहतो, म्हणून इथल्या मूळच्या लाँगलीफ पाइनचा अनुभव मांडतो. त्याच्याही सुया लांब, तीनच्या झुबक्यात, त्यालाही सावली सोसत नाही आणि आगीशी त्याचेही जुने नाते. एके काळी आग्नेय अमेरिकेत सुमारे ९ कोटी एकरांवर पसरलेले हे जंगल लाकूड, टर्पेंटाइन आणि शेती यांपायी तीन टक्क्यांच्या आसपास उरले. त्यात भर म्हणून आग पूर्णपणे रोखण्याचे धोरण आले आणि उरलेल्या जंगलात दाट झाडोरा माजला. आता दर दोन-तीन वर्षांनी प्रशिक्षित लोक हवामान पाहून, ठरवून आग लावतात. त्या मोकळ्या, गवताळ पाइनवनात रेड-कॉकेडेड नावाचा एक सुतार पक्षी जिवंत म्हाताऱ्या पाइनमध्येच ढोली कोरतो. तो 'संकटग्रस्त' यादीतून २०२४ मध्ये एक पायरी वर आला. नियंत्रित आग हा चिडाच्याही प्रश्नावरचा उपाय आहे, असे मला ठामपणे वाटते.

तृणपर्ण
@अटलांटावासी, उदाहरण मोलाचे आहे, पण ते जसेच्या तसे इथे लागू करता येणार नाही. तुमच्या जॉर्जियात वारंवार आग लावण्याचा हेतूच ओकसारखी रुंदपर्णी झाडे मागे हटवून पाइन राखणे हा आहे. कुमाऊँत मधल्या पट्ट्यात बांज परत आणायचा आहे, आणि तिथे दोन-तीन वर्षांनी आग दिली तर बांज कधीच परतणार नाही. शिवाय तिकडची जमीन बरीचशी सपाट आहे. इथे आग उतारावरून वर धावते आणि वर गाव असते. म्हणजे एकाच डोंगरावर एका बाजूला आग वापरायची आणि दुसऱ्या बाजूला तिला शिरू द्यायचे नाही, असे दुहेरी काम आहे.

जुना_रेंजर
तृणपर्णताई योग्य बोलल्या. नियंत्रित दहन आम्हीही करत असू, पण ते जानेवारी-फेब्रुवारीत, जमिनीत ओल असताना, सकाळी किंवा संध्याकाळी, वरून खाली या दिशेने आणि पुरेशी माणसे हाताशी ठेवून. तेव्हा आग गुडघ्याच्या वर जात नाही. हे काम केवळ शुद्ध चिडाच्या कोरड्या उतारावर आणि एका वर्षी एकाच तुकड्यात करावे, म्हणजे बाकीच्या भागात जमिनीवरचे जीव सुरक्षित राहतात. पक्ष्यांच्या विणीच्या आधी ते उरकले पाहिजे. वन विभागाला बाजूला ठेवून गावाने हे करू नये.

आपल्याच जिल्ह्यातल्या शीतलाखेत भागात महिला मंगल दलांनी केलेले काम जरूर पाहावे. डोंगरी शेतकरी मशागतीपूर्वी बांधावरची झुडपे कापून जाळतात, त्याला ओण म्हणतात. पुष्कळ वणवे त्याच ठिणगीतून लागतात. तिथे ओण ३१ मार्चपूर्वीच जाळून संपवायचा असे ठरले आणि १ एप्रिल हा ओण दिवस म्हणून पाळला जाऊ लागला. झाडांची जात न बदलता, फक्त माणसांची सवय बदलून आग कमी करता येते, याचा हा उत्तम दाखला आहे.

गढवाळी_सून
हे मला पटते. मात्र ठराव कसाही होवो, पिरूल गोळा करण्याचे आणि आग विझवण्याचे काम बायकांनी करायचे आणि पंचायतीच्या बैठकीत सह्या पुरुषांनी करायच्या, असे होऊ नये. डोंगरमाथाताई, तुम्ही बैठकीत स्वतः बोला.

डोंगरमाथा
आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिले, त्याबद्दल ऋणी आहे. बैठकीत मी पर्यायी ठराव मांडणार आहे. तोडीचा मुद्दा वगळायचा. दक्षिणेकडचा उतार चिडाचाच राहू द्यायचा आणि तिथे हिवाळी दहनासाठी वन विभागाकडे अर्ज करायचा. जुनी मोठी झाडे आणि ढोल्या असलेली वठलेली खोडे रंगाने खूण करून राखायची. मधल्या पट्ट्यातला पिरूल दरवर्षी मार्चपर्यंत उचलायचा, तिथे चराईबंदी करायची आणि बांजाला येऊ द्यायचे. गोठ्यांसाठी घळीतल्या बांजाची छाटणी पाळीपाळीने, काही भाग पूर्ण विश्रांतीला ठेवून करायची. ओणाची तारीखही ठरावात घालणार आहे. राहिला एक प्रश्न: मधल्या पट्ट्यात बांज आपोआप येईल का, की लावावा लागेल?

तृणपर्ण
जिथे घळीतले बांज जवळ आहेत आणि जमिनीवर त्याची चघळलेली, खुरटी रोपे दिसतात, तिथे लावू नका. फक्त चराई आणि आग रोखा. ती रोपे मेलेली नसतात. दोन-तीन पावसाळ्यांत ती वर येऊ लागतात. चीड विरळ असेल तर त्याच्या हलक्या सावलीचा बांजाच्या रोपाला उलट आडोसाच होतो, त्यामुळे त्यासाठीही चीड तोडण्याची गरज नाही. काफळ आपसूक आला तर तो राहू द्यावा. त्याच्या मुळांवर नत्र स्थिर करणारे जिवाणू असतात आणि त्या गरीब मातीला त्यांची मदतच होईल.

जिथे एकही रोप नाही तिथे बांजाची फळे, म्हणजे एकॉर्न, गोळा करावी लागतील. ती हिवाळ्यात पिकतात. झाडावरून नुकतीच पडलेली निवडा. पाण्यात टाकून जी तरंगतात ती बहुधा किडकी असतात, ती बाजूला काढा. हे बी फार दिवस टिकत नाही आणि वाळले की मरते, म्हणून घरात पोत्यात साठवून ठेवू नका. लगेच पिशव्यांत पेरा, पिशव्यांत घळीतल्या बांजाखालची मूठभर माती घाला, आणि रोपवाटिकेवर जाळी टाका, कारण वानरांना आणि उंदरांना ही फळे फार आवडतात. रोपे निदान दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत सांभाळून मगच बाहेर लावा, आणि आधी घळीच्या काठाला लावा, तिथून वर सरकत जा.

जुना_रेंजर
आणि खड्डे पावसाळ्याच्या आधी खणून ठेवा, भोवतीचा पिरूल हातभर अंतरापर्यंत काढून टाका. अर्जाचा मसुदा तयार झाला की इथे चिकटवा. त्यातली तांत्रिक बाजू मी तपासून देईन.